उतारावर हळू झालेली गाडी

सर,

परवा आमच्या गोदामातला पट्टा बंद पडला आणि बंद पडायचं कारण बघून मला तुम्ही आठवलात. मी आता हरियाणात असतो. हायवेला लागून पार्सलांचं मोठं गोदाम आहे, तिथं पट्ट्यांच्या देखभालीवर आहे. पट्ट्याच्या कडेला जागोजागी लहान लहान डोळे बसवलेले असतात. त्यातून न दिसणारा उजेड समोर जातो, खोका आला की तो अडतो, आणि मशीनला कळतं की खोका आला. आम्ही त्याला फोटो-आय म्हणतो. तर आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजा झाली होती. इकडं मशीनची पूजा त्या दिवशी करतात, आपल्याकडं खंडेनवमीला करतात तशी. माझ्याबरोबर एक बिहारचा पोरगा आहे, तो हातात शेंदराची वाटी घेऊन मोटारीला, पॅनेलला, जे दिसेल त्याला टिळे लावत सुटला, आणि एका डोळ्याला अगदी काचेवरच लावला. पट्ट्याला वाटलं समोर खोका अडकलाय. सगळी लाइन उभी. मी त्याला म्हटलं, अरे, काच सोडून लावायचा. तर म्हणतो, ‘भैया, भगवान को आँख में ही तो बिठाते हैं.’ सगळे हसले, मीही हसलो. मग मी फडकं ओलं केलं आणि पुसायच्या आधी हात जरा थांबला. का थांबला ते इथं कुणाला सांगून कळायचं नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली, ते माहीत आहे.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा नववीत दुसऱ्यांदा बसलो होतो. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्यांची बदली चेन्नईला झाली आणि आम्ही शहराच्या त्या टोकाला क्वार्टरमध्ये राहायला आलो. मला तमिळ येत नव्हतं, इंग्रजी वाचता यायचं पण कळायचं नाही, आणि बाकावर बसवायचं नाही ते वेगळंच. पोरं मला चपाती म्हणायची. आई डब्यात रोज चपातीच द्यायची, त्यामुळं भांडायलाही तोंड नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेतल्या नळाची तोटी खोलून ठेवली होती, कारण ती गळत होती. पाणी सगळीकडं झालं. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही धोतर जरा वर धरून त्या पाण्यात उभे राहिलात, माझ्याकडं बघितलंत आणि मराठीत विचारलंत, ‘तूं महाराष्ट्राचा कीं काय?’

मी चपापलो. मराठी तर होती, पण अशी मराठी मी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. ‘काय जाहलें’, ‘मज सांग’, ‘उगी राहा’, आणि मधूनच होकाराचं तमिळ ‘सरि, सरि’. घरी जाऊन आईला सांगितलं की विज्ञानाचे सर पोथीतल्यासारखं बोलतात. तुमचं घराणं तंजावरचं, शेकडो वर्षांपूर्वी तिकडं गेलेलं, आणि आता तुम्ही चेन्नईतच वेस्ट मांबलमला राहता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की या शाळेत एक माणूस आहे ज्याला माझं बोलणं कळतं आणि ज्याचं बोलणं मला अर्धं कळतं. तोटी परत बसवून घेतलीत आणि म्हणालात, ‘तुझे हात उगी राहत नाहींत. बरें. त्यांस काम देऊं.’

तेव्हापासून मी प्रयोगशाळेत उभा असायचो. बसायला लागायचं नाही, हेच मोठं सुख होतं. त्याच वर्षी शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून प्रयोगाच्या सामानाची एक पेटी पाठवली. तुम्ही ती उघडलीत तो दिवस आठवतो, तुम्ही पेपर फाडला नाहीत, टाचण्या एकेक करून काढल्यात. आत घोड्याच्या नालासारख्या दोन काळ्या कमानी, एक आकडे दाखवणारा डबा, एक लांब रूळ आणि त्याच्यावर चालणारी छोटी गाडी. कमानीच्या एका पायातून उजेड निघतो, दुसऱ्या पायात शिरतो. रूळ एका बाजूनं उचलून धरायचा, गाडीवर काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा लावायचा आणि गाडी सोडून द्यायची. तुकडा कमानीतून जाताना जेवढा वेळ उजेड अडेल तेवढा डबा दाखवणार. तुकड्याची लांबी भागिले तो वेळ, म्हणजे त्या जागचा वेग. वरच्या कमानीत एक वेग, खालच्या कमानीत दुसरा वेग. दोघांतला फरक काढायचा, आणि वरून खाली यायला जो वेळ लागला त्यानं भागायचं. झालं त्वरण. तुम्ही हे मला सांगताना एकदाही फळ्याकडं गेला नाहीत. गाडी माझ्या हातात देऊन सांगितलंत.

पुठ्ठा मी कापला होता. तुम्ही बाजूला उभे. कापताना पट्टी सरकली की ‘पोदुम, पुरे, पुन्हां काप.’ किती तुकडे वाया गेले. मी वैतागून म्हटलं, सर, केसाएवढा फरक आहे. तुम्ही म्हणालात, ‘तो केस मग भागाकारांत दोर होतो.’ भागाकार हातानंच करायचा, हा तुमचा कायदा. कॅल्क्युलेटर दिसला की तुम्ही तो उचलून कपाटात ठेवायचात. ‘वेळ यंत्रानें मोजिला, आतां भागाकार तरी तूं कर.’ आणि शेवटी उत्तरापुढं ‘दर सेकंदाला’ दोनदा का लिहायचं हे मला कळत नव्हतं, मला ती छपाईची चूक वाटायची. तुम्ही सांगितलंत, पहिला सेकंद गाडी किती धावली त्याचा, दुसरा सेकंद धावणं किती वाढलं त्याचा. त्या दिवशी मला शाळेतली एक गोष्ट पूर्ण कळली. असं फार वेळा झालं नाही, म्हणून लक्षात आहे.

हेडमिस्ट्रेसबाईंनी वडिलांना आधीच बोलावून सांगितलं होतं की हा मुलगा सहामाहीत पास झाला नाही तर दाखला घेऊन जा. तुम्ही त्यांच्याकडं गेलात. मी बाहेर उभा होतो, तुमचं तमिळ मला कळत नव्हतं पण तुमचा आवाज चढत नव्हता आणि थांबतही नव्हता. बाहेर येऊन मला म्हणालात, पेटी पाठवणारे गृहस्थ पूजेच्या सुट्टीनंतर येणार आहेत, त्यांच्यासमोर गाडी तू सोडायची, रीडिंग तू घ्यायचं, फळ्यावर तू मांडायचं. ते नीट झालं तर प्रात्यक्षिकाचे गुण धरून तुला वर्षभर ठेवतील. ‘मीं शब्द दिला आहे,’ म्हणालात. घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी माझे बूट वडिलांनी पॉलिश केलेले होते.

मग सरस्वती पूजा आली. रस्त्यात रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, चौकाचौकात फोडलेले कोहळे, आणि शाळेत प्रत्येक वर्गात खडू-पुस्तकं मांडून ठेवलेली. प्रयोगशाळेची पूजा तुमची. तुम्ही घरून सहाणेवर उगाळलेलं गंध आणलं होतं. तराजू, भिंगं, होकायंत्र, बॅटऱ्या, सगळ्यांना तुम्ही एकेक बोट लावत गेलात, वर कुंकू. नव्या पेटीजवळ आलात तेव्हा जरा जास्तच वेळ थांबलात. नवं होतं ना. मग कुरमुरे आणि डाळं वाटलंत, आणि सांगितलंत की आज कशाला हात लावायचा नाही, यंत्रांनाही एक दिवस रजा. गंध कुणी पुसत नाही हे तर आपल्या सगळ्यांना माहीतच. आमच्या फ्रिजवर अजून मागच्या वर्षीचा टिळा होता. वडिलांच्या स्कूटरवर तर थरावर थर.

पाहुणे आले तो शुक्रवार होता. वर्ग भरलेला, मागं बाकांवर उभी पोरं, पुढं हेडमिस्ट्रेसबाई आणि ते गृहस्थ. मी गाडी सोडली. ती छान गेली, खाली स्पंजला टेकली. डब्यावरचे आकडे मी फळ्यावर लिहिले, भागाकार केला, दुसरा भागाकार केला, आणि वजाबाकी करताना माझं मलाच कळलं की काहीतरी चुकतंय. खालचा वेग वरच्यापेक्षा कमी. उत्तर वजा. उतारावरून सुटलेली गाडी खाली येताना हळू झाली, असं माझा फळा सांगत होता. मागून कुणीतरी, मलाही कळेल इतक्या सोप्या तमिळमध्ये, म्हणालं, चपातीची गाडी, हँडब्रेक लावूनच येते. सगळा वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, पुन्हा. मी पुन्हा सोडली. पुन्हा वजा. ते गृहस्थ हसरे होते, म्हणाले होतं असं कधीकधी. बाई तुमच्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नव्हत्या बघत.

मग तुम्ही पुढं आलात आणि मला मराठीत बोललात. ‘तुज किती वेळां सांगितलें, हात लावूं नकोस म्हणून? काय खोललेंस?’ मी म्हटलं, सर, मी काही नाही केलं. ‘मग कोणीं केलें? तुझे हात एक घटका उगी राहत नाहींत.’ वर्गातल्या कुणालाच त्यातला शब्द कळला नसेल, आणि सगळ्यांना सगळं कळलं. तेच वाक्य होतं, सर. तोटीच्या दिवशी तेच म्हणाला होतात. मी गाडी रुळावर नीट ठेवली आणि बाहेर आलो. दप्तर तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी क्वार्टरमधल्या एका काकांनी लिफ्ट बसवणाऱ्या ठेकेदाराशी गाठ घालून दिली. होसूरला काम होतं, मुक्कामाला माणूस हवा होता. मी हो म्हणालो.

रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात. मांबलमहून पार्क स्टेशन, तिथून रस्ता ओलांडून दुसरी लोकल, आणि स्टेशनपासून उन्हात चालत. हातात माझं दप्तर, दुसऱ्या हातात पिशवी. वडील बाजारात गेले होते. आईनं तुम्हाला बाहेर खुर्ची दिली तर तुम्ही सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन पाटावर बसलात, म्हणालात, इथं वारा येतो. आई आमटीला फोडणी देत होती. तुम्ही वास घेऊन म्हणालात, ‘आमच्यांत ह्यांत चिंच अधिक.’ आई म्हणाली, ‘तुमच्याकडं आमटीचं सांबारं करून टाकलं होय सगळ्यांनी.’ तुम्ही हसलात. मग ती म्हणाली, ‘मास्तर, राग मानू नका, पण तुम्ही आमच्या आजेसासूबाईंपेक्षा जुनं बोलता.’

‘आम्ही आलों तेव्हां जें घेऊन आलों तेंच आहे, बाई. नवें कोणीं पाठविलें नाहीं.’

मी आतल्या खोलीत होतो. तुम्ही मला हाक मारली नाहीत. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली ती खालची कमान काढलीत आणि जमिनीवर ठेवलीत. मग आईलाच सांगू लागलात, पण मोठ्यानं, म्हणजे मला ऐकू यावं इतपत. ‘शुक्रवारीं सर्व गेल्यावर मीं स्वतः गाडी सोडली. मजही उत्तर वजाच आलें. मग हें नाकाजवळ नेलें. चंदनाचा वास.’

मी दारात आलो. तुम्ही कमान माझ्यासमोर धरलीत. डोळ्याच्या बारक्या काचेवर पिवळट पापुद्रा, वाळून बसलेला, वर कुंकवाचा डाग. उजेड त्यातून जात होता पण दुबळा. पुठ्ठ्याची कड जवळ आली की लगेच अडायचा, आणि पुठ्ठा निघून गेला तरी उशिरा सुटायचा. म्हणून खालचा वेळ वाढला, वेग घटला. हे तुम्ही नंतर समजावलंत. आधी एवढंच म्हणालात, ‘गंध मींच लाविलें होतें. माझ्या ह्या बोटानें. आणि मीं तुज बोललों.’

आईनं गॅस बारीक केला. मास्तर माणूस पोराच्या घरी येऊन असं बोलेल याची आम्हाला सवय नव्हती. तुम्ही आईकडं स्वच्छ ओलं फडकं मागितलंत आणि ते माझ्या हातात दिलंत. ‘पूस.’ मी म्हटलं, सर, पूजेचं आहे. ‘देवास राग येणार असेल तर मजवरी येईल. त्यास माझा पत्ता ठाऊक आहे. पूस तूं.’ मी पुसलं. काच चकचकीत झाली. आईनं ते फडकं मोरीत पिळू दिलं नाही, बाहेर नेऊन कुंडीतल्या तुळशीत पिळलं. तुम्ही ते बघून मान हलवलीत, म्हणजे तुमच्याकडंही तसंच करत असावेत.

तुम्ही हेडमिस्ट्रेसबाईंना सगळं सांगून आला होतात. त्या म्हणाल्या होत्या, मुलगा सोमवारी येऊन प्रयोग करून दाखवील तर हरकत नाही. ‘प्रयोगाच्या वहींत रीडिंगची जागा मीं रिकामी ठेविली आहे. तूं आल्यावांचून भरणार नाहीं.’ जाताना खिशातून माझा पुठ्ठ्याचा तुकडा काढून मला दिलात, उद्या घेऊन ये म्हणालात. आईनं तुम्हाला आमटी-भात खायला लावला. तुम्ही चिंच कमी आहे म्हणत दोनदा वाढून घेतलात.

सोमवारी मी ठेकेदाराच्या गाडीत बसलो. सर, रागानं गेलो असं समजू नका. राग त्या फडक्याबरोबरच गेला होता. तुमच्या प्रयोगशाळेत उभं राहता यायचं, पण बाकीचा दिवस बाकावरच होता, आणि पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष. ते मला दिसत होतं. ठेकेदार म्हणाला होता, लिफ्टच्या खड्ड्यात उतरशील का, आणि मला एकदम बरं वाटलं होतं. वडील एवढंच म्हणाले, ‘ते मास्तर उन्हातून आले होते रे.’ पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात राहिला. होसूरच्या खोलीवर पहिल्यांदा कपडे धुतले तेव्हा त्याचा लगदा झाला.

तुम्ही पुढच्या आठवड्यात परत आला होतात म्हणे. आईनं फोनवर सांगितलं. कॉफी घेतलीत, फार बसला नाहीत. आई ओशाळून म्हणाली की पोरगं ऐकत नाही हो. तर तुम्ही म्हणालात, ‘असूं द्या. हात कामास लागले.’ ती जागा तुम्ही भरलीत की नाही ते तिला विचारायचं सुचलं नाही, मलाही नाही. होसूरहून मी चाकणला गेलो, तिथून सुरतेला, एका जागी दोन वर्षं काढली असं अजून तरी झालेलं नाही. चाकणला असताना आईचा फोन आला. नवरात्रात, तुमच्या घरात कोलूची, बाहुल्यांची आरास मांडलेली असताना, तुम्ही गेलात. वडील वेस्ट मांबलमला जाऊन आले. मला सुट्टी मिळाली असती. मी मागितली नाही.

आता परवाचं सांगतो. टिळा पुसून झाल्यावर मी त्या डोळ्याजवळच उभा राहिलो. तो डोळा उताराच्या खालच्या टोकाला आहे. वरच्या पट्ट्यावरून खोके पत्र्याच्या घसरगुंडीवर येतात आणि खालच्या पट्ट्यावर पडतात. वर एक डोळा, खाली एक डोळा. रोज समोर असतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. आमच्या इंजिनिअर मॅडम स्क्रीनसमोर बसतात, माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांना विचारलं, या दोन डोळ्यांचे वेळ मिळतील का, उजेड किती वेळ अडला ते. त्यांनी विचारलं, ‘किसलिए?’ मी म्हटलं, शाळेचं एक काम राहिलंय. त्या हसल्या, मग माझ्या तोंडाकडं बघून हसायच्या थांबल्या, आणि म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत कर. मी दोन्ही काचा पुसल्या, वरची आधीच स्वच्छ होती तरी पुसली. एक चांगला कडक खोका निवडला आणि टेपनं त्याची लांबी घेतली. केस इकडं तिकडं झाला की परत. बिहारचा पोरगा वर उभा राहून खोका सोडायला तयार झाला. त्याला म्हटलं, ढकलू नकोस, नुसता सोड. तो म्हणाला, ‘भैया, इतने प्यार से तो किसी ने पार्सल नहीं छोड़ा होगा.’

खालचा वेग जास्त आला, सर. दोन्ही वेळा, तिन्ही वेळा. उत्तर अधिक. सव्वा मीटरच्या जरा आत, दर सेकंदाला, दर सेकंदाला. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, पत्रा घासतो म्हणून कमी आहे, नाहीतर याहून जास्त यायला हवं. ते बरोबरच असणार. मी पत्र्याला काही केलेलं नाही, जसं आहे तसं लिहितोय. तुमच्या रिकाम्या जागेत हे चालणार नाही, रूळ वेगळा, उतार वेगळा, पुठ्ठ्याच्या जागी खोका. तरी लिहितो.

हे कुठं पाठवायचं नाहीच. मांबलमचं तुमचं घर पाडून तिथं नवी बिल्डिंग झाली, असं वडील म्हणत होते. शाळेत तुमच्या वेळचं कुणी नसेल. आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे, खोलीवर कुणी नाही, म्हणून एवढं लिहून झालं. फक्त एक सांगायचं राहिलं. भागाकार मी मोबाइलवर केला. आधी हातानंच करायला बसलो होतो. दोनदा केला, दोन्ही वेळा वेगळा आला.